मनगटातील बळ

दिवाळी सरली की महागावच्या शिवाराचा रंग पालटतो. यवतमाळ जिल्ह्याच्या नैर्ऋत्य भागात, पैनगंगेच्या खोऱ्यात हा तालुका वसलेला आहे. येथील काळ्या मातीत कपाशी पिकते. बोंडे फुटली की हिरवे शेत पांढरे होऊ लागते आणि मग वेचणीला आरंभ होतो. सकाळचे दव वाळले की बायामाणसे कमरेला झोळी बांधून ओळीने शेतात शिरतात. उमललेल्या बोंडातील कापूस चिमटीत धरायचा, अलगद ओढायचा आणि झोळीत टाकायचा. बोंडाची वाळलेली टोके सुईसारखी टोचतात. तरी बोटे थांबत नाहीत.

मुलांनो, हे काम पाहताना हलके वाटते. पण थोडे गणित करून पाहा. एका बोंडातून साधारणपणे ४ ते ५ ग्रॅम कापूस निघतो. म्हणजे १ किलो कापसासाठी २०० ते २५० बोंडे वेचावी लागतात. कोणी दिवसभरात २० किलो कापूस वेचला, तर त्याच्या बोटांनी चार ते पाच हजार वेळा चिमूट घेतलेली असते. असे दिवस एक-दोन नसतात. हंगामभर हेच काम चालते. आपल्या अंगावरील सुती सदऱ्यामागे किती बोटांचे श्रम आहेत, याची यावरून कल्पना येईल.

याच भागातील एका शाळेत घडलेली गोष्ट सांगतो. सातवीच्या वर्गात एक थोराड मुलगा होता. आपल्या बळाचा त्याला फार अभिमान. दंड फुगवून तो लहान मुलांना दाखवी आणि त्यांच्या हातांना हिसडे देई. गुरुजींनी हे अनेकदा पाहिले होते. एके दिवशी त्यांनी एक पंचा पाण्यात भिजवला आणि त्या मुलाला म्हणाले, “हा पंचा असा पीळ, की त्यात एक थेंबही उरता कामा नये.”

मुलाने दात-ओठ खाऊन पंचा पिळला. पाण्याची धार लागली, मग थेंब पडले, शेवटी थेंबही थांबले. “आता यात काही नाही, गुरुजी!” तो म्हणाला.

शाळेत दुपारचे जेवण शिजवणाऱ्या मावशी दाराशी उभ्या होत्या. शिडशिडीत अंगाच्या, वयाने पन्नाशीच्या पुढच्या. हंगामात सुटीच्या दिवशी त्या वेचणीलाही जात. गुरुजी त्यांना म्हणाले, “मावशी, तुम्ही पाहा बरे.” मावशी हसल्या. त्यांनी पदर खोचला, पंचा दोन्ही मुठींत धरला आणि शांतपणे पीळ दिला. टप्, टप्, टप् – पुन्हा आठ-दहा थेंब जमिनीवर पडले.

वर्ग अवाक् झाला. मुलाने मान खाली घातली. गुरुजी त्याला रागावले नाहीत. ते एवढेच म्हणाले, “दंड फुगवून दाखवता येतो, बाळ. मनगटातील बळ मात्र कामाच्या वेळीच कळते. ते कोठून येते, हे आज आपण समजून घेऊ.”

हाताची रचना

आपला हात म्हणजे निसर्गाने घडवलेले एक अजब यंत्र आहे. एका हाताच्या पंजात व मनगटात मिळून २७ हाडे असतात : मनगटात ८, तळहातात ५ आणि बोटांत १४. दोन्ही हातांची मिळून ५४ झाली. प्रौढ माणसाच्या साऱ्या शरीरात २०६ हाडे असतात. म्हणजे शरीरातील चौथ्या हिश्शाहून अधिक हाडे एकट्या हातांच्या वाट्याला आली आहेत! पाटी पुसण्यापासून सुईत दोरा ओवण्यापर्यंत हजारो प्रकारची कामे हात करू शकतो, त्याचे एक कारण हेच.

आता एक प्रयोग करा. डाव्या हाताने उजवा हात कोपराच्या थोडा खाली धरा आणि उजव्या हाताची बोटे उघडा-मिटा. तुमच्या डाव्या तळहाताखाली काहीतरी हलताना जाणवेल. ते बोटांचे स्नायू होत. बोटे जोराने मिटणारे व उघडणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच. ते कोपर आणि मनगट यांच्यामधील भागात, म्हणजे अग्रबाहूत असतात. तेथून कंडरा नावाचे चिवट दोर निघतात आणि मनगटावरून बोटांपर्यंत जातात. कळसूत्री बाहुल्यांचा खेळ तुम्ही पाहिला असेल. दोऱ्या वर ओढल्या जातात आणि बाहुली खाली नाचते. बोटांचेही तसेच आहे. म्हणूनच मूठ बळकट करावयाची, तर अग्रबाहू बळकट केला पाहिजे.

मुठीचे बळ हे केवळ हातापुरते नसते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात भारतासह १७ देशांतील सुमारे १,४०,००० प्रौढ स्त्रीपुरुषांच्या मुठीचा जोर मोजण्यात आला होता. ज्यांची मूठ दुबळी, त्यांना पुढे हृदयविकारादी व्याधींचा धोका अधिक, असे त्यात दिसून आले. याचा अर्थ नुसती मूठ वळल्याने रोग टळतात, असा नव्हे. मूठ ही साऱ्या शरीराच्या प्रकृतीची खूण आहे, इतकाच त्याचा अर्थ. शरीर कसलेले असेल, तर मूठही कसलेली असते.

मल्लखांबाचा वारसा

पूर्वी घरोघरी जात्यावर दळण होई, विहिरीवर मोट चाले, आडातून पोहऱ्याने पाणी शेंदले जाई. या कामांनी हातांना आपोआप व्यायाम घडे. आता दळण गिरणीत जाते आणि पाणी नळाला येते. कष्ट वाचले, हे चांगलेच झाले. परंतु त्या कष्टांबरोबर हातांचा व्यायामही गेला. तो आता आपण जाणून-बुजून केला पाहिजे.

अशा व्यायामाचा एक अप्रतिम प्रकार महाराष्ट्रात वाढला. तो म्हणजे मल्लखांब. मल्ल म्हणजे पैलवान. पैलवानाने सरावासाठी वापरावयाचा खांब तो मल्लखांब. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या १२ व्या शतकातील ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मल्लस्तंभाचा उल्लेख आढळतो. पुढे हा व्यायाम मागे पडला. त्याला नवे जीवन दिले ते दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पदरी असलेल्या बाळंभट्टदादा देवधर यांनी.

त्यांच्याविषयी अशी आख्यायिका आहे की, निजामाच्या राज्यातून अली आणि गुलाब नावाचे दोन नामांकित मल्ल पुण्यास आले. त्यांनी पेशव्यांच्या दरबारात कुस्तीचे आव्हान दिले. तरुण बाळंभट्टांनी ते स्वीकारले, पण तयारीसाठी मुदत मागून घेतली. ते वणीच्या सप्तशृंगी गडावर गेले. झाडांवर लीलया चढणारी, फांदीला विळखा घालणारी वानरे पाहून त्यांना खांबावरील व्यायामाची युक्ती सुचली, असे सांगतात. कसून मेहनत करून ते परतले आणि त्यांनी ते आव्हान मोडून काढले. आख्यायिकेत थोडी भर पडलेली असेल. पण बाळंभट्टदादांनी आणि त्यांच्या शिष्यांनी ही विद्या दूरवर नेली, यात शंका नाही.

मल्लखांब खाली जाड आणि वर निमुळता असतो. त्याच्या मुख्य भागास अंग म्हणतात, वरच्या बारीक भागास मान आणि टोकावरील गोलसर गाठीस बोंड. कपाशीचे बोंड बोटे वेचतात, तर या बोंडावर मल्ल तोल सांभाळतो! खांबाला एरंडेल तेल लावतात, म्हणजे अंग घासले जात नाही. जमिनीत पुरलेला, साखळीने टांगलेला आणि दोरीचा असे त्याचे मुख्य प्रकार आहेत. खांबाला किंवा दोरीला धरताना बोटे, मनगटे, अग्रबाहू, खांदे आणि पोट यांना एकाच वेळी व्यायाम घडतो. मूठ सैल पडली, की मल्ल खाली आलाच.

आपल्या विदर्भातही या विद्येचे मोठे केंद्र आहे. अमरावती येथे १९१४ साली वैद्य बंधूंनी श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली. १९३६ साली बर्लिन येथे ऑलिंपिक सामने भरले, तेव्हा या मंडळाच्या पथकाने तेथे जाऊन आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. देश परतंत्र असताना विदर्भातील तरुणांनी परदेशी प्रेक्षकांसमोर हे खेळ सादर केले, ही गोष्ट अभिमानाची आहे.

मल्लखांब हा केवळ मुलांचा खेळ नव्हे. मुंबईच्या हिमानी परब या खेळाडूस मल्लखांबासाठी २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला. मल्लखांबाचे प्रशिक्षक उदय देशपांडे यांना २०२४ साली पद्मश्री देऊन गौरवण्यात आले. त्यांनी दृष्टिहीन मुलांनाही ही विद्या शिकवली. ज्यांना खांब दिसत नाही, ती मुले हातांच्या स्पर्शाने खांब ओळखतात आणि त्यावर चढतात. हाताला डोळे असतात, ते असे!

काही सोपे व्यायाम

मल्लखांब हा जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखालीच शिकावा. पण त्याआधी हात तयार करण्यासाठी घरी करता येण्याजोगे काही व्यायाम आहेत. त्यांना पैसा लागत नाही. नियमितपणा मात्र लागतो.

पहिला व्यायाम मनगटे फिरवण्याचा. दोन्ही हात समोर धरून मनगटे सावकाश दहा वेळा आतून बाहेर आणि दहा वेळा बाहेरून आत फिरवावीत. यामुळे सांधे मोकळे होतात. कोणत्याही व्यायामाचा आरंभ असाच हळुवार असावा.

दुसरा व्यायाम मूठ आणि पंजा. मूठ घट्ट वळावी, तीन आकडे मोजावेत, मग बोटे ताणून पंजा पूर्ण उघडावा. असे वीस वेळा करावे. पंजा उघडणे हे मूठ वळण्याइतकेच महत्त्वाचे आहे, हे विसरू नये. बोटांभोवती रबराचे रुंद कडे अडकवून त्याच्या ताणाविरुद्ध बोटे उघडली, तर हा व्यायाम अधिक चांगला घडतो.

तिसरा व्यायाम पिळण्याचा. ओला पंचा दोन्ही हातांनी आडवा धरावा आणि पिळावा. एकदा उजवे मनगट पुढे आणि डावे मागे, तर दुसऱ्यांदा त्याच्या उलट. पाच-पाच वेळा पुरे. न्हाणीघरातून बाहेर पडण्यापूर्वी आपला पंचा आपणच पिळावा. व्यायामही होतो आणि आईचे कामही वाचते.

चौथा व्यायाम दोरी गुंडाळण्याचा. हातभर लांबीची गोल काठी घ्यावी. तिच्या मध्यावर छातीइतक्या उंचीची दोरी बांधावी आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला अर्धा लिटर पाण्याची भरलेली बाटली बांधावी. हिचे वजन सुमारे अर्धा किलो होते. काठी दोन्ही हातांनी समोर धरून मनगटांच्या हालचालीने दोरी गुंडाळत बाटली वर आणावी. मग तशीच सावकाश खाली सोडावी. बाटली धाडकन खाली जाऊ देऊ नये. वजन सावरत खाली सोडण्यातही तितकाच व्यायाम आहे. दोन-तीन वेळा केले की अग्रबाहू तापल्यासारखे वाटतील.

पाचवा व्यायाम लोंबकळण्याचा. शाळेच्या मैदानावर लोखंडी दांडा असेल, तर त्याला दोन्ही हातांनी धरून लोंबकळावे. आरंभी दहा आकडे मोजेपर्यंत, मग हळूहळू तीस आकड्यांपर्यंत. कडुनिंबाच्या फांदीला लोंबकळावयाचे असल्यास फांदी भक्कम आहे ना, हे मोठ्या माणसाकडून पाहून घ्यावे. पाय जमिनीपासून फार उंच नसावेत आणि खालची माती मऊ असावी.

सहावा व्यायाम जोर. जमिनीवर तळवे टेकून अंग खाली-वर करावे. सुरुवातीला गुडघे टेकून पाच जोर काढले तरी चालेल. सूर्यनमस्कारातही हातांवर अंगाचा भार येतो. त्याने मनगटे भार सोसण्यास तयार होतात.

हे सर्व व्यायाम एक दिवसाआड करावेत. व्यायामाने स्नायूंना ताण बसतो आणि विश्रांतीच्या काळात ते भरून निघून पूर्वीपेक्षा बळकट होतात. म्हणून विश्रांती ही आळस नसून व्यायामाचाच भाग आहे. जोडीला ज्वारीची भाकरी, डाळ, शेंगदाणे, पालेभाजी आणि मिळेल तेव्हा दूध किंवा अंडी असा साधा, पण पोटभर आहार असावा.

हातांची निगा

बळकट हात निरोगीही असला पाहिजे. तुमच्या वयात हाडे वाढत असतात आणि त्यांच्या टोकांजवळील वाढीचा भाग नाजूक असतो. म्हणून पैज लावून जड ओझी उचलू नयेत. स्नायू थकणे वेगळे आणि सांधा दुखणे वेगळे. सांधा दुखू लागला तर व्यायाम तेथेच थांबवावा आणि वडीलमाणसांना सांगावे. लिहिताना लेखणी चिमटीत करकचून धरू नये. पानभर लिहून झाले की बोटे उघडून मोकळी करावीत. जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत आणि नखे वाढू देऊ नयेत.

आपल्या जिल्ह्यातील मुलांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशकाची फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजुरांचे प्राण गेले. असे विष श्वासावाटे जसे शरीरात जाते, तसे कातडीवाटेही जाते. म्हणून औषधाच्या बाटल्यांना, डब्यांना आणि फवारणीच्या पंपाला मुलांनी हात लावू नये. रिकामी बाटली पाण्यासाठी तर कधीच वापरू नये. चौथ्या व्यायामासाठीसुद्धा पिण्याच्या पाण्याचीच बाटली घ्यावी. घरातील मोठी माणसे फवारणीला निघाली, तर हातमोजे, तोंडाला फडके आणि अंगभर कपडे यांची त्यांना आठवण करून द्यावी. लहान तोंडी हा मोठा घास होणार नाही. तो प्रेमाचा घास होईल.

पुढे काय झाले?

त्या शाळेतील मुलाने व्यायाम मनावर घेतला. महिनाभराने त्याने पुन्हा पंचा मागितला आणि तो मावशींकडे गेला. “मावशी, आज पाहा!” तो म्हणाला. त्याने पंचा पिळला आणि त्यांच्या हातात दिला. मावशींनी तो घेतला खरा. पण पीळ देताच त्यांच्या तोंडून हलकेच ‘आई गं’ निघाले.

“काय झाले, मावशी?”

“काही नाही रे बाळा. वेचणी सुरू झाली की रात्री हात ठणकतात. बोटांना मुंग्या येतात. सवयीचे झाले आता.”

मुलगा गप्प झाला. ज्या हातांशी आपण पैज मारली, ते हात रात्री दुखतात, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हते. त्याने गुरुजींना विचारले. गुरुजी म्हणाले, “मनगटात एक अरुंद बोगदा असतो. त्यातून बोटे मिटणाऱ्या नऊ कंडरा आणि एक मज्जातंतू जातो. तीच ती चिमूट हजारो वेळा घेतली, की कंडरांभोवती सूज येते आणि मज्जातंतू दाबला जाऊ शकतो. मग बोटांना मुंग्या येतात. मावशींचे हात कामाने बळकट झाले आहेत, पण त्यांना विश्रांती मिळालेली नाही. श्रम आणि व्यायाम यांत हाच फरक आहे. व्यायाम आपण बेताने करतो. श्रम मात्र पोटासाठी करावे लागतात. तेथे बेत आपल्या हाती नसतो.”

गुरुजींनी मावशींना सरकारी दवाखान्यात दाखवून येण्यास सांगितले. आणि तो मुलगा? दुसऱ्या दिवशी तो शाळेत लवकर आला. मावशी पाण्याच्या दोन भरलेल्या बादल्या घेऊन स्वयंपाकघराकडे निघाल्या होत्या. तो पुढे झाला.

“द्या इकडे, मावशी.”

“अरे, जड आहेत.”

“म्हणून तर म्हणतो.”

त्याने दोन्ही बादल्या उचलल्या. पाणी थोडे हिंदकळले, पण सांडले नाही. त्या दिवसापासून बादल्या तोच नेऊ लागला. लहान मुलांच्या हातांना हिसडे देणे त्याने केव्हा सोडले, हे कोणाच्या लक्षातही आले नाही.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) एका हाताच्या पंजात व मनगटात मिळून किती हाडे असतात?
(आ) मल्लखांबाला नवे जीवन कोणी दिले?
(इ) अमरावतीच्या मंडळाने १९३६ साली कोठे प्रात्यक्षिके दाखवली?

२. कारणे द्या.
(अ) मूठ बळकट करण्यासाठी अग्रबाहू बळकट करावा लागतो.
(आ) विश्रांती हा व्यायामाचाच भाग आहे.
(इ) मावशींच्या बोटांना मुंग्या येत असत.

३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) श्रम आणि व्यायाम यांत गुरुजींनी कोणता फरक सांगितला?
(आ) पहिल्या प्रसंगातील मुलगा आणि शेवटच्या प्रसंगातील मुलगा यांत तुम्हांला कोणता बदल दिसतो?

४. ‘बोंड’ या शब्दाचे पाठात आलेले दोन अर्थ सांगा व प्रत्येकाचा वाक्यात उपयोग करा.

५. पुढील वाक्प्रचारांचा व म्हणींचा अर्थ सांगा : हातभार लावणे, हातावर पोट असणे, हात आखडता घेणे, हातच्या काकणाला आरसा कशाला, लहान तोंडी मोठा घास.

६. उपक्रम : तुमच्या घरातील एखाद्या वडीलमाणसाने दिवसभरात हातांनी कोणकोणती कामे केली, याची यादी करा. त्यांपैकी कोणते काम तुम्ही आपल्याकडे घ्याल, ते लिहा. आणि आठवडाभर ते करा.